नळ्यांची हजेरी

आमच्या लॅबमध्ये रक्ताला अर्धा तास मिळतो. तेवढ्यात ते बर्फात गेलं नाही, मशीनमध्ये फिरवून वेगळं झालं नाही, की वाया गेलं. किश्शांना अशी घाई नसते. त्यांना कोणी लेबल लावत नाही, कोणी फ्रीजरमध्ये ठेवत नाही, तरी ते टिकतात आणि एकावर एक साचत जातात. परवा चहाच्या वेळी रंगारी काका म्हणाले, "बाई, मी आता रिटायर होऊन राहिलो. माझ्या मागं हे सारं कोनाले आठवन? तू लिहून ठेव."

म्हणून लिहिते आहे.

भिलाईतल्या एका दवाखान्याच्या मागच्या इमारतीत आमची छोटी लॅब आहे. माणसं चार. मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर, मूळच्या अमरावतीच्या, बोलतात कमी. रंगारी काका सर्वांत जुने टेक्निशियन. लॅबमध्ये येण्याआधी काही वर्षं ते प्लांटमध्ये, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात होते. साहू इथलाच, छत्तीसगढचा. तो रक्त काढतो आणि स्कूटरवरून घेऊन येतो. चौथी मी.

गेली काही वर्षं आमचं एकच मोठं काम चाललं होतं. कोक ओव्हनवर, म्हणजे प्लांटच्या कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवर, धगीत आणि धुरात नोकरी काढणाऱ्या माणसांच्या रक्तात थायॉल किती शिल्लक आहे, ते मोजायचं. थायॉल म्हणजे गंधक बाळगणारे रेणू. शरीरावर येणारा मार ते आधी स्वतःवर घेतात. पण रक्त शरीराबाहेर आलं की साधी हवासुद्धा त्यांना खायला लागते. म्हणून बर्फ, म्हणून घाई. मी नवीन होते तेव्हा नळी हातात धरून काकांना काहीतरी विचारत उभी राहिले. काका म्हणाले, "बाई, हा बरफगोला आहे. हातात धरून गोष्टी सांगत बसशील तं काडीच राहीन."

आणखी एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे मध्ये थांबावं लागणार नाही. रक्त देणाऱ्यांमध्ये माझे यजमान होते. दिलीप कोक ओव्हनवर होते. त्यांची नळी एकतीस नंबरची. त्यानंतरच्या जानेवारीत ते गेले. हृदय. सकाळी ड्यूटीचे बूट घालायला बसले होते.

सगळ्या नळ्या जमल्यावरच खेपाखेपांनी मोजायच्या होत्या, तोपर्यंत त्या उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये. नळी एकदाच वितळवता येते. वितळली की मोजायची, आणि मोजली की संपली. मॅडमनी मला एक कागद दिला होता. दाता हयात नसेल तर मोजायचं की नाही, हे घरच्यांनी लिहून द्यायचं. "घाई नाही," मॅडम म्हणाल्या. "ती खेप शेवटी लावू, तोपर्यंत वेळ आहे." तो कागद माझ्या ड्रॉवरमध्ये सव्वा वर्ष पडून होता.

•

अगदी सुरुवातीला, कोणाचंही रक्त घेण्याआधी, पद्धत बसवायची म्हणून काकांनी स्वतःचं रक्त दिलं. साहूने सुई टोचली तेव्हा म्हणाले, "घे बाप्पा. आतापर्यंत साऱ्या गावाचं घेतलं, आता माझी पाळी."

मशीनमध्ये फिरवून तांबड्या पेशी खाली बसवल्या. वरचं पाणी काढलं. पेशींवर थंड अॅसिड घातलं. लाल रक्ताचा क्षणात चॉकलेटी चोथा झाला. पुन्हा फिरवलं, तर चोथा तळाला आणि वर स्वच्छ पाणी. काकांनी नळी उजेडात धरली. "हे माझं रक्त?" त्यांनी विचारलं. पिण्याच्या पाण्यात आणि त्यात काही फरक दिसत नव्हता.

मग मॅडमनी त्यात औषधाचे दोन थेंब सोडले, आणि ते पाणी पिवळं झालं. हळूहळू नाही. कोणी आत दिवा लावावा तसं. पिवळा जितका गडद, तितकं थायॉल जास्त.

काकांनी नळी पुन्हा उजेडात धरली. आयुष्यभर रक्त हाताळलेला माणूस. शेवटी म्हणाले, "पस्तीस वर्षं रक्त पाहून राहिलो. आतमधून हळद निघन, असं मले कोनी सांगतलं नव्हतं."

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, "मॅडम, सगळ्यायचं पिवळंच निघते? म्हंजे साहेब लोकायचंही?"

"सगळ्यांचं," मॅडम म्हणाल्या.

"मंग ठीक आहे," काका म्हणाले आणि सायकल काढली.

•

रक्त द्यायला येताना उपाशीपोटी यायचं, तंबाखू घ्यायची नाही, असं आम्ही सगळ्यांना दोन-दोनदा सांगत होतो. तुलनेसाठी जवळच्या जामुलहूनही, कोक ओव्हनशी संबंध नसलेली काही माणसं बोलावली होती. त्यातले एक गृहस्थ पहिल्या बसने आले. चेहरा अगदी प्रामाणिक.

"काही खाल्लं?" मी विचारलं.

"नाही."

"चहा?"

"नाही."

"तंबाखू, विडी?"

"नाही बाई. सोडून किती साल झाले."

साहू सुई घेऊन वाकला आणि तसाच सरळ झाला. त्याने त्यांच्या तोंडाजवळ नाक नेलं. "बबा, गुडाखू?"

गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गूळ कालवून केलेली काळी लगदी. इकडे सकाळी उठल्याबरोबर अर्धा गाव ती बोटावर घेऊन दातांना लावतो.

गृहस्थ दुखावले. "ते खाल्लं कुठं? घासलं. आता दात पण नाही घासायचे का?"

साहूने माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. काकांनी मॅडमच्या दाराकडे बोट केलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, फॉर्म उघडला, आणि 'तंबाखू' या रकान्याखाली हाताने एक रकाना वाढवला: 'गुडाखू'. त्यानंतरच्या दहा माणसांना आम्ही तोच प्रश्न विचारला. सातजण म्हणाले, "हो, ते तं लावतोच ना."

 जाताना मॅडम एवढंच म्हणाल्या, "मी नागपुरात शिकले तेव्हा हा प्रश्न कुठल्या पुस्तकात नव्हता."

•

थायॉलला वास असतो. घरच्या गॅसला जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या थायॉलचाच. आमच्याकडेही एका थायॉलची बाटली होती, तुलनेसाठी. तिचं झाकण मोकळ्या जागेत उघडायचं नाही, असा नियम. पहिल्या शिबिराच्या दिवशी मी ते उघडलं. खिडकीशेजारी उघडलं, आणि खिडकी व्हरांड्यात उघडत होती.

व्हरांड्यात कोक ओव्हनची पंधरा-वीस माणसं बाकांवर बसली होती. सडक्या अंड्यासारखा तो वास त्यांच्यापर्यंत गेला. कोक ओव्हनच्या गॅसलाही तसाच वास असतो.

दुसरीकडे कुठे असं झालं असतं, तर लोकांनी नाकाला रुमाल लावले असते. ही माणसं एकाच वेळी उठली. कोणी ओरडलं नाही, कोणी पळालं नाही. एकाने कडुनिंबाची पानं कुठल्या बाजूला हलताहेत ते पाहिलं, हात वर केला, आणि सगळे वाऱ्याला आडवे चालत एका रांगेत मैदानात जाऊन उभे राहिले. तिथे त्यांनी एकमेकांना मोजलं. साहू हातात सुई घेऊन एकटा व्हरांड्यात राहिला.

मोजणीत एक माणूस कमी भरला.

तो दिलीप. ते उलट्या दिशेने, वास येत होता त्या बाजूला, लॅबमध्ये आले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ओढत बाहेर नेलं. मी "अहो, बाटली आहे, बाटली," म्हणत होते, पण त्यांनी ऐकलं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली होती. चारचौघांत त्यांनी माझा हात धरला तो तेवढाच.

मैदानात सगळं कळल्यावर हशा झाला. काका मात्र रागावले. प्लांटचा माणूस, त्यांना ड्रिल पाठ. "काऊन गा दिलीप, ड्रिलमंदी काय शिकवलं? मास्क नसन तं आत जायचं नाही. कोनासाठीच नाही."

दिलीप म्हणाले, "काका, ड्रिलमंदी बायको नव्हती."

मग ते बाकावर बसले, बाही वर केली, आणि साहूने एकतिसावी नळी भरली. लेबल मीच लावलं. कोणता नंबर कोणाचा, हे टेक्निशियनला कळू द्यायचं नसतं. नावांची यादी मॅडमच्या कपाटात असते. पण तो नंबर आम्हा तिघांना कळला, त्याला इलाज नव्हता.

•

पुढे शिबिर मरोदा वस्तीत घेऊ लागलो. साहू रक्त काढून, थर्मोकोलच्या डब्यात बर्फात ठेवून, स्कूटरवर आणायचा. वेळ बरोबर, बर्फ बरोबर, आणि तरी मशीनमध्ये फिरवल्यावर वरचं पाणी गुलाबी दिसायचं. म्हणजे तांबड्या पेशी वाटेतच फुटल्या, आणि आतलं जे मोजायचं ते बाहेर सांडलं. तीन दिवसांचं रक्त असं गेलं.

काकांनी सुईवर संशय घेतला. साहूने बर्फावर. मॅडमनी कोणावरच घेतला नाही. चौथ्या दिवशी त्या साडी खोचून साहूच्या मागे स्कूटरवर बसल्या, डबा मांडीवर घेऊन, मरोदा ते लॅब. आल्या त्या सरळ आत गेल्या, पाणी प्यायल्या, कमरेला हात लावून खुर्चीवर बसल्या.

"साहू," त्या म्हणाल्या, "रास्ते में स्पीड ब्रेकर कितने हैं?"

"चौदह, मॅडम."

"मैंने पंद्रह गिने."

साहू विचारात पडला. "वो स्कूलवाला नया बना होगा. मैं उसको गड्ढा समझता था."

दुसऱ्या दिवसापासून साहू प्रत्येक ब्रेकरला खाली उतरायचा, स्कूटर हाताने ढकलत पलीकडे न्यायचा, आणि पुन्हा बसायचा. रस्त्यावरचे लोक विचारायचे, "का होगे भैया, गाड़ी खराब हे?" तो सांगायचा, "नहीं, सवारी नाजुक हे।"

त्या दिवसापासून वरचं पाणी स्वच्छ आलं. मी ती पहिली स्वच्छ नळी साहूला दाखवली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली आणि कितीतरी वेळ पाहत राहिला. पंधरा वेळा उतरण्याचं काय होतं, ते त्याला त्या नळीत दिसत असावं.

•

हजेरीची पद्धत मात्र चुकीतून आली. दोन सख्खे भाऊ एकाच दिवशी आले, त्यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली. लगेच लक्षात आलं, दोघांना परत बोलावलं, पुन्हा रक्त घेतलं. मोठा भाऊ म्हणाला, "घरी बी असंच होते. आई मले मारे, चूक याची राहे."

काका हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते रजिस्टर माझ्या हातात देऊन म्हणाले, "आजपासून हजेरी. प्लांटमंदी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी जशी होते तशी. मी नळी उचलून नंबर बोलीन. तू रजिस्टरमंदी पाह्यजो, मिळाला तं 'हाजर' म्हनजो. आवाज नाही आला तं मी झाकन उघडत नाही."

आणि खरंच तसं सुरू झालं. "बारा." "हाजर." "तेरा." "हाजर." नंतर एकही नळी चुकली नाही.

एकदा रायपूरहून तपासणीला एक साहेब आले. दाराशी उभे राहून ऐकत होते. न राहवून त्यांनी विचारलं, "तुम्ही कोणाची हजेरी घेताय?"

काकांनी नळीवरची नजर हलवली नाही. "ज्यायचं रक्त आहे त्यायची, साहेब."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. आम्हाला वाटलं, आता शेरा येणार. काही आठवड्यांनी मॅडमनी त्यांचं पत्र दाखवलं. त्यात लिहिलं होतं की ही पद्धत लेखी स्वरूपात आणावी आणि पुढेही चालू ठेवावी.

•

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सकाळी रस्ता खोदताना केबल तुटली आणि आमच्या इमारतीची वीज गेली. जनरेटर सुरू होईना. बाहेर उन्हाची भट्टी पेटली होती. फ्रीजरवरचा आकडा चढायला लागला. उणे अठ्ठ्याहत्तर. उणे त्र्याहत्तर. आम्ही ब्लँकेटं गुंडाळली, दार कोणी उघडायचं नाही असा कागद चिकटवला. मॅडम फोनवर होत्या. बर्फवाल्याचा बर्फ या थंडीपुढे गरमच. उणे चौसष्ट. सगळी माणसं त्या एका पेटीत होती. एकतीस नंबरसुद्धा.

साहू बाजूला जाऊन कोणाशी तरी बोलला.

दुपारी एक गाडी मागच्या दाराशी येऊन थांबली. कोक ओव्हनचे चारजण उतरले. चौघांनीही आम्हाला रक्त दिलं होतं. पुढे भोजराज, दिलीपच्या शिफ्टचा. मधे एक मोठा चंदेरी कॅन. प्लांटमध्ये हवेतून ऑक्सिजन काढतात, तेव्हा नायट्रोजनही निघतो, आणि तो द्रव केला की आमच्या फ्रीजरहून कितीतरी थंड. तो त्यांनी साहेबांची सही घेऊन आणला होता.

गेटपास अजून भोजराजच्या खिशात होता. 'वस्तू' या रकान्यात त्याने लिहिलं होतं: हवा, एक कॅन.

"गेटवर काही म्हणाले नाहीत?" मी विचारलं.

"म्हने ना. म्हने, 'हवा के लिए गेटपास?' मी म्हनलं, साहब, प्लांट की है. बिना पूछे कैसे ले जाएँ?"

त्यांनी खिडक्या उघडल्या, तोंडाला काच लावली, कोपरापर्यंत मोजे चढवले, आणि भट्टीवर काम करणाऱ्या त्या माणसांनी ती थंडी थोडी थोडी फ्रीजरच्या ट्रेमध्ये ओतली. पांढरा धूर जमिनीवरून आमच्या पायांपर्यंत आला. आकडा थांबला. मग उतरायला लागला. इतके दिवस आम्ही हवेपासून ज्या नळ्या जपल्या, त्यांना हवेनेच वाचवलं. काका एवढंच म्हणाले, "पाहा बाप्पा."

जाताना भोजराज मागे राहिला. "वहिनी, दिलीपभाऊचं बी याच्यातच आहे ना?"

मी हो म्हटलं.

"मंग त्यायचं बी मोजा. आमचं आमालेच एकट्याले सांगू नका. पुऱ्या शिफ्टचं सांगा."

दुसऱ्या दिवशी मी ड्रॉवर उघडला, कागदावर सही केली आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. मॅडमनी तो फाइलला लावला.

•

काकांचं वागणं कडक. पिवळा रंग काही मिनिटंच खरा असतो. मशीनने आकडा दिला की ती छोट्या खळग्यांची प्लेट तडक डस्टबिनमध्ये, टेबल पुसलेलं, हात धुतलेले. वापरलेली प्लेट टेबलावर दिसली की काका विचारायचे, "हे काय, शोकेस आहे का?" त्यावरून मी स्वतः दोनदा बोलणी खाल्ली आहेत.

शेवटच्या खेपेचा दिवस होता. नळ्या बर्फात वितळत होत्या. रजिस्टर माझ्या हातात. मॅडम म्हणाल्या होत्या, "आज रजिस्टर साहू धरेल, चालेल." मी नको म्हटलं.

"एकोणतीस."

"हाजर."

"तीस."

"हाजर."

काकांनी पुढची नळी उचलली. बर्फाचं पाणी पुसलं. लेबल पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं.

"एकतीस."

रजिस्टरमध्ये नंबर होता. माझंच अक्षर. माझ्या तोंडून आवाज आला नाही. आवाज आल्याशिवाय काका झाकण उघडत नाहीत. ते थांबले. मॅडम थांबल्या. साहू नुकताच आला होता, तो दारात हेल्मेट काढून उभा राहिला. नळीतलं पाणी तर थांबणारं नव्हतं.

काकांनी पुन्हा विचारलं, या वेळी हळू. "एकतीस?"

"हाजर," मी म्हटलं.

त्यांनी झाकण उघडलं. स्वच्छ पाणी होतं. ते खळग्यात घातलं, मॅडमनी औषध सोडलं, आणि ते पिवळं झालं. बाकीच्यांच्या रांगेत, बाकीच्यांसारखं. मशीनने आकडा दिला. मी तो लिहिला, आणि बत्तिसाव्या नंबरला 'हाजर' म्हटलं.

दुपारी काम संपलं. मी जेवून आले, तर प्लेट टेबलावर तशीच होती, खिडकीजवळ, उजेडात. चहा झाला, तरी तिथेच. पाच वाजले. काका खुर्चीत बसून पेपर वाचत होते.

"काका," मी म्हटलं, "प्लेट फेकायची राहिली."

काकांनी पेपर खाली केला नाही. "डस्टबिन भरून आहे," ते म्हणाले.

मी निघताना वाकून पाहिलं. डस्टबिन रिकामा होता.